विश्रांतीचा दिवस (वजन घटवताना)

वजन कमी करण्यासाठी जोराचा व्यायाम करणाऱ्याने आठवड्यात मुद्दाम हलका किंवा मोकळा ठेवलेला दिवस. जोर-बैठका, वजने उचलणे, चढावर पळणे यांत स्नायूंच्या तंतूंना बारीक इजा होते. ती भरून निघताना स्नायू बळकट होतो आणि हे काम नंतरच्या झोपेत व जेवणावर होते. म्हणून एकाच स्नायूला पुन्हा जोर देण्याआधी साधारण ४८ तास जाऊ द्यावेत.

खरा घोळ वजनकाट्यावर होतो. नव्याने सुरुवात केलेला माणूस चार दिवस घाम गाळून काट्यावर उभा राहतो, तर वजन अर्धा-एक किलोने वाढलेले! ती चरबी नसते. दुखावलेल्या स्नायूंत सूज येऊन पाणी थांबते. शिवाय स्नायू ग्लायकोजेन (जेवणातल्या साखरेचा साठा) साठवतात आणि त्याच्या दर ग्रॅममागे सुमारे ३ ग्रॅम पाणी धरतात. एक किलो चरबी म्हणजे जवळपास ७,७०० कॅलरी. रोजच्या जेवणावर तेवढे जास्तीचे अन्न चार दिवसांत नकळत पोटात जात नाही. पण घाबरून लोक रात्रीची भाकरी बंद करतात आणि व्यायाम दुप्पट. मग जिना उतरताना कठडा धरावा लागतो, झोप उडते, भूक खवळते आणि पंधरा दिवसांत सगळेच सुटते. वजन सकाळी, शौचानंतर, उपाशीपोटी करावे आणि आठवड्याची सरासरी पाहावी.

मराठवाड्यात पहाटेच्या मैदानांवर पोलीस भरतीची मुले १६०० मीटरची तयारी करताना दिसतात. त्यांचे वेळापत्रक चाळिशीतल्या ९० किलोच्या माणसाने उचलू नये. गुडघे आधी बोलतात. त्याला सोमवारी व गुरुवारी ताकदीचा व्यायाम, शनिवारी छत्रपती संभाजीनगरच्या गोगाबाबा टेकडीसारखा चढ, मधल्या दिवशी ३०-४० मिनिटे चालणे आणि रविवार मोकळा, एवढे पुरते. चालताना सलग वाक्य बोलता आले पाहिजे. खुरपणी किंवा सोयाबीनची काढणी केली असेल, तर तो दिवस जोराचाच धरावा.

आहारात रोज ३०० ते ५०० कॅलरींची कपात पुरे. प्रथिने मात्र शरीराच्या दर किलोमागे १.२ ते १.६ ग्रॅम हवीत. (मूत्रपिंडाचा आजार असल्यास हे प्रमाण डॉक्टरांनाच विचारावे.) भाकरी-ठेच्यावर ती भागत नाहीत, सोबत मटकीची उसळ, घट्ट वरण, दही किंवा अंडी लागतात. साबुदाण्यात प्रथिने जवळजवळ नसतातच, म्हणून उपवासाचा वार हाच विश्रांतीचा वार ठेवणे सोयीचे.

ऊन हाही भारच. वैशाखात परभणी-नांदेडकडे पारा ४२ अंशांवर जातो. तेव्हा व्यायाम सकाळी सातच्या आत उरकावा आणि त्याचा जोरही कमी करावा.

विश्रांती कमी पडते आहे हे नाडी सांगते. जाग आल्यावर अंथरुणातच पूर्ण मिनिटभर मोजावी. दोन-तीन दिवस नेहमीपेक्षा सात-आठ ठोके जास्त भरले, तर तो दिवस हलका करावा. स्नायूंचे दुखणे २४ ते ७२ तासांत सर्वाधिक असते, मग उतरते. सांध्यात एकाच जागी टोचणारी कळ हे वेगळे दुखणे; त्यावर व्यायाम रेटू नये. अंग सुजून लघवी कोऱ्या चहासारखी काळपट झाली, तर स्नायू फुटून मूत्रपिंडावर ताण आलेला असू शकतो. अशा वेळी त्याच दिवशी दवाखाना गाठावा.