खाजगी तुरुंगांच्या बातम्या शेअर बाजारातून का येतात

फेब्रुवारी 2025 ला अमेरिकेने हद्दपार केलेले 104 भारतीय लष्करी विमानातून अमृतसरला उतरवले, त्यात 3 जण महाराष्ट्रातले, तेव्हा आपल्या चॅनेलवर डिटेन्शन सेंटर (म्हणजे इमिग्रेशनवाले पकडलेल्या परदेशी लोकांना डांबतात ती जागा) हा शब्द चार दिवस फिरला आणि गायब झाला. अमेरिकेत त्यामागे खाजगी तुरुंगांचा चाळीस वर्षांचा धंदा आहे.

1983 ला नॅशविलमध्ये सीसीए ही कंपनी निघाली (आताची कोअरसिव्हिक), आणि पहिलंच मोठं काम म्हणजे ह्यूस्टनमध्ये इमिग्रेशनवाल्यांचे कैदी सांभाळायचे, इमारत तयार नव्हती म्हणून चक्क एक मोटेल भाड्याने घेऊन तिथे ठेवले. 1988 मध्ये सहसंस्थापक टॉम बीझलीने इंक या बिझनेस मासिकाला बिनधास्त सांगितलं की गाड्या, जमिनी, हॅम्बर्गर विकतात तसंच हेही विकायचं!

आत काय चाललंय हे कळायची मात्र बोंब. पत्रकाराला तुरुंगात शिरायचा वेगळा हक्क नाही हे सुप्रीम कोर्टाने 1974 आणि 1978 ला सांगून ठेवलंय, वर तिकडचा माहिती अधिकार कायदा खाजगी कंपनीला थेट लागू नाही. प्रिझन लीगल न्यूज या कैद्यांच्या हक्कांवरच्या मासिकाचे लोक सीसीएची कागदपत्रं मिळावीत म्हणून टेनेसीत कोर्टात भांडले, 2009 ला जिंकले, पण ते एका राज्यापुरतं.

मग मदर जोन्स या अमेरिकन मासिकाचा पत्रकार शेन बावर लुइझियानातल्या, सीसीए चालवत असलेल्या विन तुरुंगात गार्ड म्हणून लागला, पगार तासाला 9 डॉलर, नाव स्वतःचंच दिलं तरी कोणी गूगलसुद्धा केलं नाही 😅 एक कैदी पळाला तेव्हा टेहळणी मनोऱ्यांवर माणूसच नव्हता, कारण खर्च वाचवायला त्या ड्यूट्याच बंद केलेल्या. 2016 ला स्टोरी आली आणि ऑगस्टमध्ये केंद्राच्या जस्टिस खात्याने आपले खाजगी तुरुंग हळूहळू बंद करायचं जाहीर केलं, शेअर धाडकन पडले. सगळे श्रेय बावरला देतात, मला ते जरा जास्त वाटतं, खात्याच्याच इन्स्पेक्टर जनरलचा (म्हणजे अंतर्गत तपासनीसाचा) रिपोर्ट त्याच महिन्यात आला होता आणि विन हा लुइझियाना राज्याचा तुरुंग, केंद्राच्या त्या आदेशात बसतच नव्हता.

पुढे फेब्रुवारी 2017 ला आदेश मागे, 2021 ला बायडनने परत आणला पण इमिग्रेशन डिटेन्शन वगळून, जानेवारी 2025 ला ट्रम्पने तोही रद्द केला. आज इमिग्रेशनवाले बहुतेक जण खाजगी कंपन्यांच्याच ताब्यात आहेत, त्यामुळे रिपोर्टर वकिलांना, नातेवाइकांना गाठतात आणि दर तिमाहीला कंपनीचा अर्निंग कॉल (नफ्या-तोट्याचा हिशोब सांगणारा फोन) कान देऊन ऐकतात, कारण किती बेड भरलेत हे तिथे शेअरहोल्डरला सांगतात.