नांगरलेल्या शेतात जुनं काही उरत नाही, हे खरं नाही

नाशिक परिसरात खडीच्या खाणीची हद्द वाढायची म्हटली की ठरलेलं वाक्य ऐकू येतं: "पिढ्यान्‌पिढ्या नांगरलेलं रान आहे, तिथं काय सापडणार?" हा समज चुकीचा आहे. ट्रॅक्टरचा नांगर साधारण 20 ते 30 सेंटीमीटर जातो. त्याखाली मुरमात खोदलेले साठवणीचे खड्डे, चुली, दफनं शाबूत राहू शकतात. उलट नांगरटीमुळेच खापरं वर येतात आणि खाली वस्ती असल्याचा पत्ता लागतो.

खाणीआधीची पुरातत्त्व पाहणी पहिल्या पावसानंतर करावी; धुतलेली खापरं तेव्हा चटकन दिसतात. ठरावीक अंतराच्या सरळ रांगांत चालून प्रत्येक खापराची जागा नोंदवायची. पातळ, लाल, काळी नक्षी असलेलं आणि टिचकी मारल्यावर खणखणणारं खापर जोर्वे पद्धतीचं, म्हणजे सुमारे तीन हजार वर्षांपूर्वीच्या ताम्रपाषाण काळातलं असू शकतं. त्या काळाचे थर 1950-51 च्या उत्खननात नाशिकच्या 'मातीची गढी' या जुन्या टेकाडात मिळाले होते.

खरी फसगत काळ्या मातीत होते. उन्हाळ्यात तिला खोल भेगा पडतात आणि वरची खापरं खाली घसरतात, म्हणून नुसत्या खोलीवरून काळ ठरवू नये. चाचणीच्या खड्ड्यात दर 10 सेंटीमीटरला थांबून माती चाळावी. जेसीबी लावलाच तर बिनदाती बकेटने, पातळ थर काढत. दात्यांच्या ओरखड्यांत जुन्या चुली-खड्ड्यांची खूण असलेले राखेचे गोल डाग हरवतात.