गेजचा आकडा मोठा म्हणजे नेलगन दमदार?

‘२३ गेजची घे, १८ पेक्षा दमदार असते.’ नेलगन, म्हणजे खिळे मारायचं यंत्र, घेणाऱ्याला हा सल्ला हमखास मिळतो, आणि तो उलटा आहे. गेजचा आकडा जितका मोठा तितका खिळा बारीक. १६ गेजचा खिळा साधारण १.६ मिमी जाड, १८ चा १.२ च्या आसपास, तर २३ ची पिन जेमतेम ०.६ मिमी.

मग जाडच घ्यावा? तेही नाही. अरुंद पट्टीच्या टोकाजवळ १५ गेजचा खिळा मारला की लाकूड चिरतं आणि डोक्याचं भोक लांबी (पुट्टी) भरूनही दिसत राहतं. फर्निचर आणि हलक्या पट्ट्यांसाठी १८ गेजची ब्रॅड नेलर (बारीक खिळ्यांची गन) पुष्कळ झाली. दाराची चौकट किंवा जाड स्कर्टिंग (भिंतीच्या पायथ्याची पट्टी) असेल तर १५ किंवा १६. २३ ची पिन बारीक बीडिंगला, म्हणजे कडेच्या नक्षीपट्टीला. तिला जवळपास डोकंच नसतं, म्हणून गोंद वाळेपर्यंत पट्टी धरून ठेवणं एवढंच तिचं काम. खरं तर फर्निचरच्या सांध्यात बराचसा भार गोंदच पेलतो, हे मात्र फार जण मानायला तयार नसतात.

आकड्याइतकंच ट्रिगरकडेही बघा. काही गन ट्रिगर दाबून ठेवला की गनचं टोक लाकडाला टेकताक्षणी खिळा सोडतात. घरकामाला दर खिळ्यासाठी आधी टोक टेकवून मग ट्रिगर ओढावा लागतो तीच बरी. दुसरा हात खिळ्याच्या वाटेत नको. लाकडात गाठ लागली की खिळा आत वळून बाजूने बाहेर येऊ शकतो.