शिडाच्या बोटीचा वेगविक्रम: नागपूरहून अर्ज करायचा तर पात्रता, कागदपत्रं आणि कामांचा क्रम

शिडाच्या बोटीचा जागतिक वेगविक्रम आधी करून मग नोंदवता येत नाही. आधी लेखी कळवायचं, कमिशनर, म्हणजे विक्रमांना मान्यता देणाऱ्या परिषदेचा निरीक्षक, नेमून घ्यायचा आणि त्याच्या देखरेखीखाली धाव घ्यायची, असाच क्रम आहे. मनगटावरच्या घड्याळात कितीही मोठा आकडा दिसला, तरी पूर्वसूचना नसेल तर तो तुमच्या वहीतच राहतो. म्हणून बोटीचा खर्च करण्याआधी कागदांची बाजू समजून घ्या.

या विक्रमांना मान्यता देते वर्ल्ड सेलिंग स्पीड रेकॉर्ड कौन्सिल ही परिषद. तिची स्थापना १९७२ ची. त्याच वर्षी इंग्लंडच्या पोर्टलंड बंदरात क्रॉसबो या बोटीनं २६.३० नॉटचा वेग गाठला. एक नॉट म्हणजे ताशी १.८५२ किलोमीटर. पुढे चाळीस वर्षांत हा आकडा अडीच पटीवर गेला: २४ नोव्हेंबर २०१२ रोजी नामिबियातल्या वॉल्विस बे इथं ऑस्ट्रेलियाच्या पॉल लार्सननं व्हेस्टास सेलरॉकेट २ ही बोट ६५.४५ नॉटनं, म्हणजे ताशी १२१ किलोमीटरनं पळवली. त्यानंतर दहा वर्षं तो विक्रम कुणाला हलवता आला नाही. त्याच नोव्हेंबरच्या १ तारखेला भारतीय नौदलातले अभिलाष टॉमी मुंबईहून एकट्यानं, कुठंही न थांबता पृथ्वीप्रदक्षिणेला निघाले होते. त्यांचा प्रवास पाच महिन्यांचा, लार्सनची धाव जेमतेम पंधरा सेकंदांची. शिडाच्या खेळात दोन्हींना सारखाच मान आहे, पण नियमांच्या दृष्टीनं ती दोन वेगळी दुनिया आहेत. ही माहिती पंधरा सेकंदवाल्यांसाठी.

पात्रतेची पहिली अट बोटीची. ती फक्त वाऱ्यावर चालली पाहिजे, इंजिनाची मदत चालत नाही, आणि निदान एक माणूस तिच्यावर असलाच पाहिजे. रिमोटवर चालणारं मॉडेल कितीही वेगवान असलं तरी या यादीत बसत नाही. चाकांवर धावणारी शिडाची गाडीही नाही. ऑस्ट्रेलियाच्या ग्लेन ॲशबीनं ११ डिसेंबर २०२२ रोजी ऑस्ट्रेलियातल्या लेक गेर्डनर या कोरड्या मिठाच्या तळ्यावर हॉरोनुकू ही गाडी ताशी २२२.४ किलोमीटरनं चालवली, पण तो जमिनीवरचा विक्रम. त्याला मान्यता देणारी संघटना वेगळी, अर्जही वेगळा.

दुसरा निर्णय गटाचा, आणि इथं घाई नको. एक सर्वसाधारण गट आहे, ज्यात कुठलंही शिडाचं यान चालतं. त्याशिवाय शिडाच्या क्षेत्रफळानुसार गट आहेत, आणि विंडसर्फिंग (शीड लावलेल्या फळीवर उभं राहून धावणं) व काइट (मोठ्या पतंगाच्या ओढीनं फळीवर धावणं) यांची नोंद वेगळी होते, स्त्रियांची व पुरुषांची स्वतंत्र. सेलरॉकेटसारखी बोट बांधायची म्हणजे अभियंत्यांची तुकडी आणि कित्येक वर्षं लागतात. पन्नास नॉटच्या आसपास पाण्याखालच्या फॉइलच्या, म्हणजे बोटीच्या पंखासारख्या पात्याच्या, एका बाजूला दाब इतका उतरतो की पाण्याची वाफ होऊ लागते आणि फॉइलची पकड सुटते. हा अडथळा ओलांडायला लार्सनच्या चमूला फॉइलचा आकारच नव्यानं शोधावा लागला. नागपूरच्या एखाद्या मुलीला किंवा मुलाला खरोखर या वाटेनं जायचं असेल, तर काइट किंवा विंडसर्फिंग हाच शहाणपणाचा गट. साहित्य विमानानं नेता येतं. फ्रान्सच्या अँटोइन अल्बोनं २०१५ मध्ये नामिबियातल्या ल्युडेरिट्झला विंडसर्फिंगवर ५३.२७ नॉट गाठले, आणि अलेक्झांडर कैझर्गनं २०१७ मध्ये फ्रान्समध्ये काइटवर ५७.९७ नॉट. २०१० मध्ये शार्लोट कोन्सोर्तीनं ल्युडेरिट्झलाच काइटवर ५० नॉटची रेषा ओलांडली होती.

आता जागा. मोजमाप ५०० मीटरच्या सरळ पट्ट्यावरचं असतं, आणि धरला जातो तो सरासरी वेग. क्षणभर गाठलेला सर्वोच्च वेग मोजत नाहीत. पट्ट्याची दोन्ही टोकं आधी मोजून निश्चित करावी लागतात. पाणी यानाच्या मानानं पुरेसं खोल हवं, आणि प्रवाहाची नोंद ठेवावी लागते, कारण वाहत्या पाण्याच्या मदतीनं मिळालेला वेग विक्रमात धरत नाहीत. वारा जोराचा पण एकसारखा, आणि पाणी मात्र जवळजवळ सपाट, हा मेळ जगात मोजक्या ठिकाणी जमतो. वॉल्विस बेला तो किनाऱ्यामुळे जमतो, ल्युडेरिट्झला तर त्यासाठी कालवाच खणला आहे.

नागपूरजवळ असं पाणी नाही, हे स्पष्ट लिहिलेलं बरं. मे महिन्यातली वावटळ जोराची असते, पण ती दिशा बदलते. रामटेकजवळचा खिंडसी तलाव मोठा आणि देखणा आहे, पण भोवतीच्या टेकड्या वारा तोडतात. तोतलाडोह पेंच व्याघ्र प्रकल्पात येतो, तिथं खासगी सरावाचा विचारही करू नका. अंबाझरीवर किंवा खिंडसीला शिडाची प्राथमिक ओळख करून घ्यायची असेल तरी लेखी परवानगी लागतेच: अंबाझरीसाठी महापालिकेकडे, खिंडसीसाठी जलसंपदा विभागाकडे. अर्जात तारीख, वेळ, सोबत कोण, बचावाची बोट कोणती, लाइफ जॅकेट किती, हे सगळं लिहा. बचावाची बोट इंजिनाची असेल तर तिची नोंदणी झालेली असली पाहिजे, तिच्या कागदाची प्रत जोडा. एनसीसीच्या नौदल शाखेतल्या मुलांना हे पाणी ओळखीचं आहे, त्यांच्याशी बोला.

खरं शिक्षण घ्यायला मात्र बाहेर पडावं लागेल. नागपूरहून रेल्वेनं जाता येण्यासारखी दोन चांगली ठिकाणं आहेत. भोपाळच्या बड्या तलावावर शिडाच्या बोटींचं प्रशिक्षण चालतं, आणि हैदराबादच्या हुसेनसागरवर दरवर्षी राष्ट्रीय दर्जाच्या शर्यती होतात. तिथं यॉटिंग असोसिएशन ऑफ इंडियाशी संलग्न क्लबाचं सभासदत्व घ्या. अर्जामागे मान्यताप्राप्त क्लब असला की पुढचा पत्रव्यवहार सोपा होतो.

कागद दोन फायलींत ठेवा. पहिली तुमची: पासपोर्ट, क्लबाचं सभासदपत्र, प्रशिक्षणाचे दाखले, डॉक्टरांचं तंदुरुस्तीचं प्रमाणपत्र, पोहता येत असल्याचा दाखला, वय अठराच्या आत असेल तर पालकांचं संमतीपत्र. पासपोर्टचं काम नागपूरच्याच सेवा केंद्रात होतं. नामिबियाला जायचं तर पासपोर्टची मुदत परतीनंतर निदान सहा महिने उरलेली असावी. विम्याची पॉलिसी ओळ न ओळ वाचा, कारण साध्या प्रवास विम्यातून असले साहसी खेळ बहुधा वगळलेले असतात. लार्सनची पहिली सेलरॉकेट वेगात असताना हवेत उचलली जाऊन उलटली होती. अशा अपघातानंतरचा रुग्णालयाचा खर्च परदेशात कोण भरणार, याचं उत्तर पॉलिसीत लिहिलेलं हवं. काइट, बोर्ड, मोजमापाची यंत्रं महागडी असतात. जाताना विमानतळावर कस्टमकडून एक्सपोर्ट सर्टिफिकेट करून घ्या, म्हणजे परतताना आपल्याच सामानावर शुल्क भरायची वेळ येणार नाही. त्यासाठी खरेदीच्या पावत्या आणि प्रत्येक वस्तूचा अनुक्रमांक हाताशी ठेवा.

दुसरी फाइल परिषदेसाठी: कोणता गट, कोणतं यान, शिडाचं क्षेत्रफळ, चालवणाऱ्याचं नाव व राष्ट्रीयत्व, जागा, तारखांचा कालावधी, वेळ कशानं मोजणार. तारीख एकच देऊ नका. वारा कुणाचं ऐकत नाही, त्यामुळे दोन-तीन आठवड्यांचा कालावधी मागावा. जीपीएस वापरणार असाल तर कुठलं यंत्र मान्य आहे हे आधी विचारून लेखी उत्तर घ्या. परिषदेचं शुल्क आणि कमिशनरचा प्रवास-मुक्काम हा खर्च विक्रम करणाऱ्याचाच, तो अंदाजपत्रकात पहिल्या ओळीला लिहा. याच कारणानं बरेच जण एकत्र येऊन एकाच कालावधीत प्रयत्न करतात आणि खर्च वाटून घेतात. एकट्या नागपूरकरासाठी हीच वाट परवडणारी आहे. ल्युडेरिट्झसारख्या आयोजित स्पर्धेत नाव दिलं की पट्टा, मोजमाप आणि कमिशनर यांची व्यवस्था आयोजक पाहतात.

धाव झाली की कमिशनरचा अहवाल आणि मोजमापाची मूळ माहिती परिषदेकडे जाते, तिथं तपासणी होते आणि मगच विक्रम मान्य होतो. मूळ फाइलींना हात लावू नका, प्रती काढून ठेवा. मान्यतेचं पत्र येईपर्यंत वर्तमानपत्रांना सांगताना ‘मान्यता प्रलंबित’ हे शब्द बातमीत येतील असं बघा. जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयात किंवा महाविद्यालयात सवलतीसाठी, सत्कारासाठी अर्ज द्यायचा असेल तर त्याला हेच पत्र जोडावं लागेल.