कॅनडात नोकरी सांभाळून प्रोजेक्ट मॅनेजमेंट शिकायचंय? फी भरण्याआधी परमिट वाचा

ऑन्टारियोतल्या अनेक सरकारी कॉलेजांत प्रोजेक्ट मॅनेजमेंटचे कोर्स संध्याकाळी, शनिवारी किंवा ऑनलाइन चालतात. नाव नोंदवायला दहा मिनिटं पुरतात, आणि गोंधळ नेमका इथूनच सुरू होतो. पुण्याहून कंपनीने पाठवलेला आयटीवाला, त्याच्यासोबत ओपन वर्क परमिटवर (एका कंपनीशी न बांधलेल्या) आलेली बायको आणि पीआर, म्हणजे कायमच्या रहिवासाचा दर्जा, मिळून वर्ष झालेला त्यांचा सिव्हिल इंजिनिअर शेजारी, तिघं एकाच वर्गात बसू पाहतात. पण कायद्याच्या नजरेत ही तीन वेगळी प्रकरणं आहेत. म्हणून "आमच्या ओळखीतल्या एकाने केला, काही विचारलं नाही" हा व्हॉट्सॲपवरचा सल्ला कानाआड करा. त्या ओळखीतल्याकडे कोणता कागद होता, हे सांगणाऱ्याला बहुधा ठाऊकच नसतं.

पीआर किंवा नागरिक असाल तर

तुम्हाला शिकण्यासाठी वेगळी परवानगी लागत नाही. पुढचा परमिटचा भाग सोडून थेट कागदपत्रांकडे गेलात तरी चालेल.

वर्क परमिटवर असाल तर

परमिट हातात घ्या आणि खालच्या अटी वाचा. बहुतेकांच्या परमिटवर एक ओळ असते, तिचा अर्थ असा: वेगळी परवानगी नसेल तर कोणत्याही शिक्षणसंस्थेत जाण्यास किंवा शैक्षणिक, व्यावसायिक अभ्यासक्रम घेण्यास मनाई आहे. ती वाचून काही जण घाबरतात आणि शिकण्याचा विचारच सोडून देतात. बाकीचे ती वाचतच नाहीत. नियम या दोन्हींच्या मधे आहे. सहा महिने किंवा त्याहून कमी मुदतीचा कोर्स, जो तुमच्या कॅनडातल्या मंजूर मुक्कामात पूर्ण होऊ शकतो, त्याला स्टडी परमिट लागत नाही. त्याहून मोठ्या अभ्यासक्रमाला लागतं, मग तो आठवड्यातून एकच संध्याकाळ असला तरी. अर्धवेळ आहे म्हणून सूट, असं कायद्यात कुठेही नाही. मोजली जाते ती मुदत. आठवड्याचे तास कोणी मोजत नाही.

आता खरी मेख. प्रोजेक्ट मॅनेजमेंटचं अर्धवेळ सर्टिफिकेट म्हणजे पाच-सहा कोर्सची माळ, एका सत्रात एक किंवा दोन. प्रत्येक कोर्स तीन-साडेतीन महिन्यांचा. लोक हिशोब करतात की प्रत्येक कोर्स सहा महिन्यांच्या आत संपतो, तेव्हा परमिटची गरज नाही. पण तुमचं नाव पूर्ण सर्टिफिकेटमध्ये नोंदलेलं असेल, तर तुम्ही दीड-दोन वर्षांचा अभ्यासक्रम करताय, असाच त्याचा सरळ अर्थ निघतो. मोठ्या अभ्यासक्रमाचे तुकडे पाडून सहा महिन्यांच्या चौकटीत बसवण्याच्या भरवशावर राहू नका. एकच सुटा कोर्स घ्यायचा असेल तर तो सुटा म्हणूनच घ्या आणि नोंदणीच्या पावतीवर तसंच दिसतंय ना, ते बघा.

कॉलेजच्या खिडकीवरचा माणूस तुम्हाला अडवेल, अशी आशा ठेवू नका. ऑनलाइन नोंदणीत तुमचा दर्जा विचारतात तो मुख्यतः फी ठरवायला. शिकायची परवानगी आहे की नाही, ही जबाबदारी तुमच्यावर टाकून सगळे मोकळे होतात. शिवाय इमिग्रेशनचा सल्ला देण्याचा अधिकार कायद्याने वकील, परवानाधारक सल्लागार आणि कॉलेजातले परवाना घेतलेले विद्यार्थी-सल्लागार अशा मोजक्या लोकांनाच आहे. प्रवेशविभागातल्या कारकुनाने फोनवर दिलेला होकार पुढे कुठल्याही अर्जाला जोडता येत नाही. शंका असेल तर सल्लागाराकडून लेखी उत्तर घ्या.

परवानगीशिवाय शिकल्याने दंड होत नाही म्हणून लोक निर्धास्त असतात. पण कॅनडाच्या इमिग्रेशन नियमांत विनापरवाना शिक्षण आणि विनापरवाना काम एकाच पंगतीत बसवलंय. तसं घडलं असेल तर ते थांबल्यापासून सहा महिने जाईपर्यंत पुढचं वर्क परमिट किंवा स्टडी परमिट नाकारलं जाऊ शकतं. संध्याकाळच्या एका सर्टिफिकेटसाठी ज्या नोकरीच्या जोरावर इथे आलात तीच अडचणीत आणायची, हा सौदा कोणालाच परवडणार नाही.

एक जुनी सवलत अजूनही ग्रुपांतून फिरते. जून २०२३ मध्ये सरकारने वर्क परमिटवाल्यांना स्टडी परमिटशिवाय मोठे अभ्यासक्रम करायची तात्पुरती मुभा दिली होती. ती फक्त ७ जून २०२३ ला किंवा त्याआधी वर्क परमिट मिळालेल्यांना किंवा त्यासाठी अर्ज केलेल्यांना होती, आणि तीही परमिट संपेपर्यंत किंवा २७ जून २०२६ पर्यंत, यांतलं जे आधी येईल तोवर. नंतर आलेल्यांना ती कधीच लागू नव्हती. तरी "आता परमिट लागत नाही" एवढंच वाक्य पुढे पाठवलं जातं, तारीख मात्र गळून पडते.

मग स्टडी परमिटच काढलं तर?

वर्क परमिटवरच्या माणसाला कॅनडात राहूनच त्यासाठी अर्ज करता येतो. सरकारी फी १५० डॉलर, बायोमेट्रिक्स लागले तर आणखी ८५. अडतं ते प्रांताच्या साक्षांकन पत्रावर. २२ जानेवारी २०२४ पासून बहुतेक नव्या अर्जांना हे पत्र लागतं, आणि ते कॉलेजच्या मार्फत येतं. पत्रांची संख्या प्रांतागणिक ठरलेली आहे. त्यामुळे अर्धवेळ अभ्यासक्रमासाठी हे पत्र देता का, हा प्रश्न कॉलेजला फी भरण्याआधी विचारायचा. अनेक जण प्रवेशपत्र हाती आल्यावर विचारतात आणि मग अनामत रक्कम परत मिळवण्यासाठी ईमेल लिहीत बसतात.

स्टडी परमिट मिळालं की पुढे पोस्ट-ग्रॅज्युएशन वर्क परमिट, म्हणजे शिक्षण संपल्यावर नोकरी करायचं परमिट, मिळेल, असं गृहीत धरणाऱ्यांनी इथे थांबून वाचावं. त्या परमिटसाठी प्रत्येक सत्रात पूर्णवेळ शिक्षण लागतं. अर्धवेळ चालतं ते फक्त शेवटच्या सत्रात, किंवा कॉलेजने मंजूर केलेल्या रजेपुरतं. सुरुवातीपासून अर्धवेळ शिकलेल्या अभ्यासक्रमावर ते मिळत नाही.

एक्स्प्रेस एंट्रीचंही, म्हणजे गुणांवर पीआर देणाऱ्या पद्धतीचंही, तेच. कॅनडात शिकल्याबद्दलचे १५ किंवा ३० जादा गुण मिळवायला किमान आठ महिने पूर्णवेळ आणि प्रत्यक्ष कॅनडात राहून शिकलेलं असावं लागतं. म्हणजे संध्याकाळचं सर्टिफिकेट नोकरीत उपयोगी पडेल, पण या जादा गुणांत नाही. हे पाहुण्यांसमोर सांगितलं की चेहरे उतरतात, पण कोर्स संपल्यावर कळण्यापेक्षा आत्ता कळलेलं बरं.

नाव कुठे नोंदवायचं

एकाच कॉलेजात प्रोजेक्ट मॅनेजमेंट दोन दरवाज्यांतून मिळतं. कंटिन्युइंग एज्युकेशन विभागात एकेक कोर्स थेट नोंदवता येतो. तिथे साधारण अट एवढीच, की ऑन्टारियोची बारावी किंवा १९ वर्षं पूर्ण. दुसरा दरवाजा ग्रॅज्युएट सर्टिफिकेटचा. त्यासाठी आधीची डिग्री किंवा डिप्लोमा लागतो आणि कॅनडातले रहिवासी अर्ज ओकॅसच्या, म्हणजे ऑन्टारियोतल्या कॉलेजांच्या सामायिक अर्जसेवेच्या, पोर्टलवरून करतात. पाच पर्याय निवडता येतात, एका कॉलेजात जास्तीत जास्त तीन.

पहिल्या दरवाज्यातून मिळणारं सर्टिफिकेट बऱ्याचदा कॉलेजचं स्वतःचं असतं, तर ग्रॅज्युएट सर्टिफिकेट ऑन्टारियोच्या ठरलेल्या पदवी-चौकटीत बसतं. कंपनीने फी परत द्यायचं कबूल केलं असेल, तर एचआरला यांतलं नेमकं कोणतं चालतं, हे आधी ईमेलवर घ्या.

ओकॅसच्या बाबतीत सगळ्यात जास्त चुकीची वाचली जाणारी तारीख म्हणजे १ फेब्रुवारी. ती शेवटची तारीख नाही. त्या दिवसापर्यंत आलेले अर्ज समान विचारात घेतले जातात, पुढचे अर्ज जागा उरल्या तर. "तारीख गेली" म्हणून एक वर्ष घालवणारे दरवर्षी भेटतात, आणि "नंतरही चालतं" म्हणून जूनमध्ये अर्ज करून गर्दीच्या अभ्यासक्रमातून बाहेर राहणारेही.

कंटिन्युइंग एज्युकेशनला अशी एक तारीख नसते. सप्टेंबर, जानेवारी आणि मे अशी सत्रं असतात, आणि वर्ग भरला की नोंदणी बंद. पुरेसे विद्यार्थी आले नाहीत तर वर्ग रद्दही होतो. म्हणून सक्तीचे कोर्स शेवटच्या सत्रासाठी राखून ठेवू नका. आणि नोंदवलेला कोर्स सोडायच्या दोन तारखा असतात: पहिलीपर्यंत पैसे परत मिळतात, दुसरीपर्यंत फक्त गुणपत्रकावर नापासाचा शिक्का टळतो. लोक दुसरी तारीख पाहून निवांत राहतात आणि परतफेड मागायला जातात तेव्हा खिडकी कधीच बंद झालेली असते.

कागदपत्रं: इथे महाराष्ट्र आडवा येतो

सुट्या कोर्सला सहसा जुने कागद मागत नाहीत. ग्रॅज्युएट सर्टिफिकेटला मागतात, आणि बरीच कॉलेजं परदेशी पदवीचं मूल्यांकन मागतात, बहुधा वेस (वर्ल्ड एज्युकेशन सर्व्हिसेस) या संस्थेचं. वेसला ट्रान्स्क्रिप्ट तुमच्याकडून चालत नाही. ते विद्यापीठाकडून थेट जावं लागतं. बाबांनी विद्यापीठात रांगेत उभं राहून घेतलेलं सीलबंद पाकीट घरी आल्यावर "बघू तरी काय दिलंय" म्हणून फोडलं, की त्याची किंमत शून्य. तंत्रनिकेतनाचा डिप्लोमा असेल तर विद्यापीठाच्या चकरा मारू नका. तिथे संबंध महाराष्ट्र राज्य तंत्रशिक्षण मंडळाशी येतो.

पदवीचं मूळ प्रमाणपत्र ही दुसरी अडचण. आपल्याकडे मार्कशीट आणि तात्पुरत्या प्रमाणपत्रावर नोकरी लागते, त्यामुळे पदवीदानाला न गेलेल्या माणसाला दहा वर्षं ते आठवतही नाही. आधी कपाट उपसा, मगच मूल्यांकनाची फी भरा.

पण सगळ्यात जास्त अर्ज अडतात ते नावावर. मराठी मार्कशीटवर आडनाव आधी, मग स्वतःचं नाव, मग वडिलांचं आणि कित्येकदा आईचंही. पासपोर्टवर वेगळी मांडणी, लग्नानंतर तिसरीच. कॅनडातल्या कारकुनाला ही तीन वेगळी माणसं दिसतात आणि त्याला दोष देण्यातही अर्थ नाही. लग्नात नाव बदललं असेल तर विवाह नोंदणीचं प्रमाणपत्र लावा. अन्य कारणाने बदललं असेल तर महाराष्ट्र शासनाच्या राजपत्राची प्रत. कॉलेजात नोंदणी करताना नाव पासपोर्टप्रमाणेच लिहा. हौसेने लाडकं नाव किंवा नुसतं सासरचं आडनाव घातलं, तर सर्टिफिकेटवरही तेच छापून येईल.

इंग्रजीचा पुरावा म्हणून आयईएल्टीएस देणार असाल तर निकाल दोनच वर्षं धरला जातो. पीआरसाठी दिलेली जुनी परीक्षा काढून बघा, ती बहुधा उलटून गेलेली असेल.

पैसे

ऑन्टारियोत राहणारे पीआर आणि नागरिक अर्धवेळ शिक्षणासाठीही ओसॅपची, म्हणजे ऑन्टारियोच्या सरकारी विद्यार्थी-साहाय्य योजनेची, मदत मागू शकतात. पूर्ण अभ्यासक्रमाच्या २० ते ५९ टक्के कोर्स घेतले तर तुम्ही त्यांच्या लेखी अर्धवेळ. अर्धवेळवाल्यांचा फॉर्म वेगळा आहे, पूर्णवेळचा भरून पाठवलात तर परत येईल. वर्क परमिटवाल्यांना ओसॅप नाही.

एक गोष्ट मात्र परमिटवाल्यांनाही मिळू शकते, आणि फार थोडे ती घेतात: कॅनडा ट्रेनिंग क्रेडिट. वय २६ ते ६५, कॅनडाचे करनिवासी, ठरलेलं किमान उत्पन्न आणि दरवर्षी रिटर्न भरलेलं, एवढं असेल तर तुमच्या नावावर वर्षाला २५० डॉलर साठत जातात, आयुष्यात मिळून ५,००० पर्यंत. त्यातून पात्र फीच्या निम्म्यापर्यंत रक्कम परत मागता येते. साठलेला आकडा करखात्याच्या आकारणी पत्रावर छापलेला असतो.

सर्टिफिकेट म्हणजे पीएमपी नव्हे

नोकरीच्या जाहिरातीत मागतात ते पीएमपी (प्रोजेक्ट मॅनेजमेंट प्रोफेशनल) ही वेगळ्या संस्थेची परीक्षा आहे. कॉलेजचं सर्टिफिकेट तिची जागा घेत नाही, पण तिच्या अर्जातल्या ३५ तासांच्या शिक्षणाची अट भागवतं. कॉलेजचा एक कोर्स अनेकदा ४२ तासांचा असतो, म्हणजे एकाच कोर्समध्ये काम होतं. घाई असलेल्या वर्क परमिटवाल्यांना म्हणूनच मी सुटा एक कोर्स सुचवतो. सहा महिन्यांच्या आत संपतो आणि स्टडी परमिटचा प्रश्नच उरत नाही. परीक्षेसाठी चार वर्षांची पदवी किंवा तिच्या तोडीचं शिक्षण असल्यास ३६ महिन्यांचा प्रोजेक्ट चालवल्याचा अनुभव लागतो, पदवी नसेल तर ६०. एकाच महिन्यात दोन प्रोजेक्ट केले म्हणून तो महिना दोनदा धरत नाहीत.

काही अर्ज तपासणीसाठी निवडले जातात. तेव्हा अनुभवावर त्या वेळच्या वरिष्ठाची सही आणि कोर्सचा पुरावा मागतात. हिंजवडीतल्या जुन्या कंपनीतला मॅनेजर तीन नोकऱ्या पुढे गेलेला असतो, म्हणून त्याचा चालू ईमेल अर्ज भरण्याआधीच मिळवून ठेवा. आणि कोर्सचा तपशील, म्हणजे तास आणि तारखा दिसतील असा, कोर्स संपताच उतरवून घ्या. काही कॉलेजांत सत्र संपलं की विद्यार्थ्याचं ऑनलाइन खातं लवकर बंद होतं.