डे-बोर्डिंग म्हणजे हॉस्टेल नव्हे बरं का

परवा देवासहून माझ्या मामेबहिणीचा फोन आला, म्हणाली इंदूरच्या एका शाळेचं पत्रक आलंय, त्यात डे-बोर्डिंग लिहिलंय, तर मुलगा शुक्रवारी घरी येणार की शनिवारी? मी म्हटलं अगं तो रोजच येणार, रात्री तुझ्याच हातचं जेवणार. तिला वाटलं बोर्डिंग म्हणजे हॉस्टेल आणि डे म्हणजे सोमवार ते शुक्रवार. हा घोळ तिच्या एकटीचा नाहीये, आमच्या इंदूरच्या सुदामानगरमध्ये पण दोघीतिघींनी मला हेच विचारलंय, म्हणून जरा सविस्तर लिहिते. माझा मुलगा एकाच शाळेत आधी तीन वर्षं डे-बोर्डर होता आणि सातवीपासून बोर्डर झाला, त्यामुळे दोन्ही आम्ही घरात भोगलंय.

डे-बोर्डर सकाळी शाळेच्या बसने जातो, दुपारचं जेवण मेसमध्ये, शाळा सुटली की तिथेच होमवर्कचा तास, मग खेळ, आणि संध्याकाळी घरी. जो दोन-अडीचला दप्तर घेऊन घरी येतो तो डे-स्कॉलर. आणि बोर्डर म्हणजे पूर्णच तिथला, हाउस म्हणजे राहायचा गट, त्याचा प्रमुख हाउसमास्टर, मुलांची काळजी घेणारी मेट्रन, पहाटे पीटी, रात्री लाइट्स आऊट, सुट्टी लागेपर्यंत घर नाही. इंदूरच्या डेली कॉलेजमध्ये डे-बोर्डर पण आहेत आणि राहणारे पण. ग्वाल्हेरच्या किल्ल्यावरची सिंधिया स्कूल, १८९७ सालची, तिथे मात्र फक्त मुलगे आणि सगळे राहणारेच. म्हणजे नुसतं "बोर्डिंग स्कूल आहे" एवढं ऐकून काही कळत नाही, तुमचा मुलगा तिथे कोण म्हणून जाणार ते विचारावं लागतं.

बहिणीचा दुसरा प्रश्न, परीक्षा केवढी कठीण असते? हॉस्टेल म्हटलं की आपल्याला नवोदय नाहीतर सैनिक स्कूल आठवतं आणि तिथे निवड परीक्षा देऊनच जावं लागतं. पण प्रायव्हेट डे-बोर्डिंग शाळा बऱ्याचशा मुलं गाळून घेत नाहीत, जागा असेल आणि फी भरता येत असेल तर घेतात. शिवाय २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १३ मध्ये स्पष्ट आहे की प्रवेशासाठी मुलाची किंवा आईवडलांची चाळणी लावायची नाही, लावली तर पहिल्या वेळेला २५ हजारापर्यंत दंड आणि पुढे दर वेळेला ५० हजारापर्यंत. हा कायदा आठवीपर्यंतचा, त्यामुळे नववीला किंवा अकरावीला टेस्ट घेतली तर नवल नाही.

आता मला खरं जे सांगायचंय ते. मूल झोपतं कुठे यापेक्षा त्याची संध्याकाळ कोणाच्या हातात आहे हा फरक फार मोठा आहे, आणि गाळून न घेणाऱ्या शाळेत तर जास्तच, कारण एकाच वर्गात तोंडी दशांश करणारा पण असतो आणि माझ्या मुलासारखा सात आठे छप्पनला अडकणारा पण असतो. मास्तर मधल्या चालीने जाणार, त्यांचा काही दोष नाही. मागे पडलेलं भरून कधी काढायचं तर संध्याकाळी.

डे-बोर्डर असताना त्याचा होमवर्कचा तास जेवणानंतर लगेच, डोळ्यावर झोप, चाळीस मुलं आणि ड्यूटीवर ज्या मॅडम असतील त्या, त्या हिंदीच्या असल्या की गणितं तशीच राहायची. मग खेळ, मग बस, भंवरकुआंच्या ट्रॅफिकमधून घरी यायला सहा. मी वही उघडून बसवायची आणि साडेआठला तो वहीवरच झोपलेला. आम्हाला वाटायचं शाळेत होमवर्क होतोय, शाळेला वाटायचं घरी बघत असतील, आणि मधल्या मधे दोन वर्षं गेली.

बोर्डर झाल्यावर प्रेप सुरू झाला, म्हणजे संध्याकाळी ठरलेल्या वेळी सगळ्या हाउसने अभ्यासाला बसायचं. खेळून, आंघोळ करून ताजा होऊन बसायचा, आणि अकरावीतला एक दादा त्याला रोज अपूर्णांक समजवायचा. सहा महिन्यांत गणिताची भीती गेली, हे मी डोळ्यांनी बघितलंय.

पण गेलं ते पण सांगायला हवं. पहिल्याच टर्ममध्ये त्याला ताप आला, दोन दिवस सिक रूममध्ये होता आणि मला कळलं रविवारी त्याचा फोन आला तेव्हा. मी रात्रभर रडले आणि दुसऱ्या दिवशी हाउसमास्टरना जाऊन भेटले, त्यानंतर मेट्रनबाई लगेच कळवायला लागल्या, पण ते मी भांडले म्हणून. डे-बोर्डरचा चेहरा आई रोज बघते, बोर्डरचा चेहरा दुसऱ्या कोणीतरी बघावा लागतो. महालक्ष्म्यांच्या जेवणाला पहिल्यांदाच त्याचं पान रिकामं होतं, सासूबाईंनी तरी वाढून ठेवलं. आणि भाषा! पहिल्या सुट्टीत आला तेव्हा म्हणाला "आई, मी नहा के येतो". घरी रोज येणारं मूल आपोआप मराठी बोलतं, राहणाऱ्याशी फोनवर मुद्दाम बोलावं लागतं, मी ठरवून आजीला फोन द्यायला लागले.

पैशाचं थोडक्यात. बोर्डरला हॉस्टेल, मेस, लाँड्री वेगळं, शिवाय इम्प्रेस्ट मनी म्हणजे मुलाच्या वरखर्चाला शाळेकडे आगाऊ ठेवलेले पैसे, आणि कॉशन मनी जी शाळा सोडताना परत मिळते, तिची पावती जपून ठेवा. जुन्या टॅक्स रिजीममध्ये दोन मुलांपर्यंत ट्यूशन फीची वजावट मिळते, हॉस्टेल-मेसचे पैसे त्यात धरत नाहीत, तेव्हा पावती वेगवेगळी मागा. मोज्यांपासून टॉवेलपर्यंत सगळ्यावर नंबर शिवायला माझे चार दिवस गेले होते.

बहिणीला मी सरळ सांगितलं, देवासहून डे-बोर्डिंग नको, ३५-४० किलोमीटर जायचे आणि तेवढेच यायचे, मूल बसमध्येच दमेल. राहायला ठेवायचं असेल तर सकाळी अकराला येऊ नको, तेव्हा ऑफिसवाले स्विमिंग पूल आणि घोडे दाखवतात. परवानगी काढून प्रेपच्या वेळेला ये, कोण बसलंय ते बघ, मागे पडलेल्या मुलाशेजारी कोणी बसलंय का ते बघ, आजारी पडला तर किती वेळात फोन करता ते मेट्रनलाच विचार. ती शनिवारी येतेय, मुलाला पण आणतेय, सात वाजताची वेळ मिळालीये.