आयरिश व्हॉलंटिअरांचा माग : पेन्शनच्या फायलींत उरलेलं स्वातंत्र्ययुद्ध

आयर्लंडमधल्या, आणि तिथून निघून बोस्टन, न्यूयॉर्क, लिव्हरपूलला स्थायिक झालेल्या असंख्य घरांत एक वाक्य पिढ्यान्‌पिढ्या चालत आलं आहे : आजोबा व्हॉलंटिअर, म्हणजे ब्रिटिश सत्तेविरुद्ध लढलेल्या आयरिश स्वयंसेवक दलात, होते. बहुतेक ठिकाणी माहिती तिथेच संपते. ते कुठल्या तुकडीत होते, कुठे लढले, १९२१मध्ये ब्रिटनशी तह झाला तेव्हा कोणाच्या बाजूने उभे राहिले, यातलं काहीच घरात कोणी बोललेलं नसतं. मग नातवंडं, पणतवंडं कागद शोधू लागतात आणि कागद सापडतातही. इतके की गुप्त संघटनेच्या बाबतीत आश्चर्य वाटावं. ते का सापडतात, हे समजून घेतल्याशिवाय त्यांत काय लिहिलंय ते नीट वाचता येत नाही, असं माझं ठाम मत आहे.

२५ नोव्हेंबर १९१३ रोजी डब्लिनच्या रोटंडा रिंकमध्ये आयरिश व्हॉलंटिअर्स या संघटनेची स्थापना झाली. अध्यक्ष होते प्राध्यापक ओएन मॅकनील. निमित्त होमरूलचं. होमरूल म्हणजे स्वराज्याचा मर्यादित हक्क. टिळकांनी १९१६ साली आपल्या लीगला जे नाव दिलं ते याच आयरिश चळवळीकडून आलेलं. होमरूलला विरोध करण्यासाठी उत्तरेतल्या अल्स्टरमध्ये युनियनवाद्यांनी, म्हणजे ब्रिटनशी जोडलेलंच राहू इच्छिणाऱ्यांनी, आधीच सशस्त्र दल उभारलं होतं, त्याला हे उत्तर होतं. स्त्रियांची कमन ना मॉन ही संघटना एप्रिल १९१४मध्ये निघाली. त्याच वर्षी पहिलं महायुद्ध पेटलं आणि सप्टेंबरमध्ये संसदीय पक्षाचे नेते जॉन रेडमंड यांनी व्हॉलंटिअरांना ब्रिटिश सैन्यातून लढण्याचं आवाहन केलं. संघटना फुटली. प्रचंड बहुमत रेडमंडबरोबर गेलं आणि ‘नॅशनल व्हॉलंटिअर्स’ झालं. दहा-अकरा हजारांचा छोटा गट मॅकनीलबरोबर जुन्या नावानिशी राहिला. शोध घेणाऱ्याने इथे थांबून विचार करावा. १९१४च्या उन्हाळ्यात व्हॉलंटिअर असलेले आजोबा पुढे फ्रान्सच्या खंदकात गेले असण्याची शक्यता डब्लिनच्या पोस्ट ऑफिसात लढले असण्यापेक्षा कितीतरी जास्त.

पोस्ट ऑफिसातली ती लढाई म्हणजे ब्रिटिश सत्तेविरुद्धचा २४ ते २९ एप्रिल १९१६चा ईस्टर उठाव. उठावानंतर सोळा जणांना मृत्युदंड झाला, सुमारे साडेतीन हजार लोक पकडले गेले आणि त्यांतल्या अनेकांना वेल्समधल्या फ्रॉनगॉकच्या छावणीत डांबलं गेलं. या अटकांच्या याद्या ब्रिटिशांनी केल्या, म्हणून १९१६ची नावं तुलनेने सहज मिळतात. खरी अडचण त्यानंतरच्या काळाची आहे. जानेवारी १९१९ पासून ११ जुलै १९२१च्या युद्धबंदीपर्यंत जे गनिमी युद्ध चाललं, त्यात व्हॉलंटिअरांना आयरिश रिपब्लिकन आर्मी म्हटलं जाऊ लागलं. या सैन्याला ना छावणी, ना गणवेश, ना पगारपत्रक. सभासदांची यादी जवळ बाळगणं म्हणजे सगळ्या गावाला फासाच्या वाटेवर नेणं. त्या काळातले कागद म्हणूनच तुटपुंजे.

त्यात आगींची भर पडली. ब्रिटनशी झालेल्या डिसेंबर १९२१च्या तहावरून चळवळ दुभंगली आणि जून १९२२मध्ये यादवी युद्ध सुरू झालं. तहविरोधकांनी डब्लिनची फोर कोर्ट्‌स ही न्यायालयांची इमारत ताब्यात घेतली होती, तिच्यावर तहाच्या बाजूच्या नव्या सरकारने तोफा डागल्या. ३० जूनला स्फोट झाला आणि शेजारच्या सार्वजनिक दप्तरखान्यातली शतकानुशतकांची कागदपत्रं जळाली. १८२१ ते १८५१च्या जनगणना त्यांतच जवळजवळ संपूर्ण गेल्या. १८६१ ते १८९१च्या जनगणनांचे फॉर्म सरकारनेच आधी नष्ट केले होते. त्यामुळे कुटुंबाचा धागा पकडायला युद्धाआधीच्या १९०१ आणि १९११ या दोनच जनगणना हाताशी राहतात. दुसरी आग मात्र मुद्दाम लावलेली. मार्च १९३२मध्ये सत्ता डी व्हॅलेरा यांच्याकडे, म्हणजे यादवीत हरलेल्यांकडे, जाणार हे दिसताच मावळते संरक्षणमंत्री डेस्मंड फिट्झजेराल्ड यांनी हेरखातं, लष्करी खटले आणि फाशीची अंमलबजावणी यांची कागदपत्रं जाळण्याचा हुकूम दिला. यादवीत नव्या सरकारने सत्तराहून अधिक कैद्यांना गोळ्या घातल्या होत्या. त्यांच्या घरच्यांना ज्या प्रश्नांची उत्तरं हवी असतात, त्यांतली बरीचशी त्या भट्टीत गेली.

एवढं जळाल्यावर जे उरलं ते मुख्यतः पैशामुळे. १९२३च्या कायद्याने जखमींना आणि मृतांच्या आश्रितांना मदत मिळू लागली. १९२४च्या लष्करी सेवा पेन्शन कायद्याने जुन्या सैनिकांना पेन्शन दिलं, पण अट अशी की अर्जदाराने यादवीत सरकारी सैन्यात सेवा केलेली असावी. तहविरोधक सरळ बाहेर राहिले. डी व्हॅलेरांनी १९३४मध्ये नवा कायदा करून त्यांना आणि कमन ना मॉनच्या स्त्रियांना दार उघडलं. दोन्ही कायद्यांखाली मिळून सुमारे ८२,००० लोकांनी अर्ज केले. मंजूर झाले जेमतेम १५,७००.

हे आकडे मला फार बोलके वाटतात. पाच-सहा अर्जदारांतल्या एकालाच शासनाने ‘सैनिक’ मानलं. कायद्यात ‘सक्रिय सेवा’ हा शब्द होता, पण त्यात काय बसतं यावर वर्षानुवर्षं वाद चालले. रात्री रस्त्यात झाडं पाडून लष्करी ट्रक अडवणारा, पहारा देणारा, बंदुका शेणखताच्या ढिगाऱ्यात लपवणारा शेतकरी सैनिक का नाही? अर्जदाराला तपशीलवार फॉर्म भरावा लागे, शपथेवर जबाब द्यावा लागे, आपल्या वरिष्ठांची नावं साक्षीदार म्हणून द्यावी लागत. ते वरिष्ठ एव्हाना विरुद्ध पक्षात असत, अमेरिकेत असत किंवा मेलेले असत. म्हणून ‘अर्ज नामंजूर’ हा शेरा वाचून कोणी आजोबांना खोटं ठरवू नये. उलट नामंजूर अर्जदाराची फाईल पुष्कळदा जास्त जाड असते, कारण तो पुनःपुन्हा लिहीत राहतो. अशा पत्रांत युद्धाबरोबर आजारपण, बेकारी, कर्ज, मुलांची शिक्षणं, सगळं येतं. स्वातंत्र्यानंतरच्या आयरिश गरिबीचं इतकं थेट चित्र दुसरीकडे क्वचितच मिळेल.

स्त्रियांच्या फायली वाचताना तर संताप येतो. मार्गारेट स्किनिडर १९१६च्या उठावात डब्लिनमध्ये गोळ्या लागून गंभीर जखमी झाल्या होत्या. त्यांनी जखमीपणाच्या पेन्शनसाठी अर्ज केला, तेव्हा कायद्यातला ‘सैनिक’ पुरुषच असतो असा सल्ला शासनाला मिळाला आणि १९२५मध्ये अर्ज फेटाळला गेला. त्यांना पेन्शन मिळालं १९३८मध्ये.

१९३४च्या कायद्याची आणखी एक देणगी आहे, आणि कुटुंबाचा शोध घेणाऱ्याला तीच सर्वांत उपयोगी. दावे तपासण्यासाठी गावोगावच्या जुन्या सैनिकांच्या समित्या बसल्या आणि त्यांनी ब्रिगेडनिहाय, कंपनीनिहाय नामावल्या तयार केल्या. तारखा दोन : ११ जुलै १९२१ आणि १ जुलै १९२२. ज्याने कधी पेन्शन मागितलंच नाही असा माणूसही या नामावल्यांत सापडू शकतो. कंपनी साधारणपणे एका पॅरिशची, म्हणजे एका चर्चच्या हद्दीतल्या गावांची, असे, म्हणून आडनावापेक्षा गाव महत्त्वाचं. कॉर्कमध्ये ओसुलिव्हन शोधायला निघालात तर शेकडो भेटतील. पण १९११च्या जनगणनेतून त्याचं टाउनलँड, म्हणजे आपल्याकडच्या वाडीसारखा जमिनीचा सर्वांत लहान भाग, कळलं की नेमकी कंपनी हाती लागते. नाव इंग्रजी आणि आयरिश अशा दोन्ही रूपांत शोधावं लागतं, कारण तोच माणूस जनगणनेत एका रूपात आणि तुकडीत दुसऱ्या रूपात असतो.

घरात पदक असेल तर तेही बोलतं. १९१७ ते १९२१च्या सेवेचं पदक १९४०च्या दशकात दिलं गेलं. त्याची फीत काळी आणि फिकट तपकिरी, म्हणजे ज्या ब्रिटिशांच्या ‘ब्लॅक अँड टॅन’ पोलिसांशी लढले त्यांच्याच रंगांची. फितीवर ‘कॉमरॅक’ असं लिहिलेली पट्टी असेल तर प्रत्यक्ष लढाऊ सेवा मान्य झाली होती असं समजावं.

दुसरा मोठा ठेवा लष्करी इतिहास कार्यालयाचा. संरक्षणमंत्री ऑस्कर ट्रेनर यांनी १९४७मध्ये ते स्थापन केलं आणि पुढच्या दहा वर्षांत १,७७३ लोकांच्या साक्षी टिपून घेतल्या. पानं छत्तीस हजारांवर. मग त्या पोलादी पेट्यांत बंद करून सरकारी इमारतीत ठेवल्या, त्या २००३मध्ये उघडल्या. पेन्शनच्या जबाबात माणूस आपला हक्क सिद्ध करत असतो, इथे तो आठवणी सांगत होता. पण तीसेक वर्षांनंतरच्या आठवणी त्या. शिवाय कार्यालयाची कालमर्यादा १९२१पर्यंतच होती, आणि अनेक कडवे तहविरोधक तिकडे फिरकलेच नाहीत. यादवीबद्दल बोलतं करायचं काम अर्नी ओ'मॅली या जुन्या सेनानीने स्वतःच केलं. त्यांनी चारशेहून अधिक सहकाऱ्यांच्या मुलाखती घेतल्या, त्या वह्या आज युनिव्हर्सिटी कॉलेज डब्लिनमध्ये आहेत. पेन्शन फायली आणि साक्षी डब्लिनमधल्या कॅथल ब्रूहा बराकीतल्या लष्करी अभिलेखागाराच्या आहेत. साक्षी तर संपूर्ण ऑनलाईन विनामूल्य वाचता येतात.

याच संग्रहात पंजाबचा एक कोपरा आहे. २८ जून १९२० रोजी जालंधरला ब्रिटिश सैन्यातल्या कॉनॉट रेंजर्स या आयरिश पलटणीच्या जवानांनी, मायदेशातल्या अत्याचारांच्या निषेधार्थ, हुकूम मानायला नकार दिला. बंड सोलनला पसरलं. जेम्स डेली या तरुण शिपायाला २ नोव्हेंबरला दगशाईच्या तुरुंगात गोळ्या घालण्यात आल्या. त्याचे अवशेष १९७०मध्ये आयर्लंडला गेले. हे लोक व्हॉलंटिअर नव्हते, तरी १९३६मध्ये त्यांच्यासाठी वेगळा पेन्शन कायदा झाला, म्हणून त्यांच्या फायलीही तिथेच आहेत.

कागदांचा आणखी एक ठेवा म्हणजे १८ एप्रिल १९२६ची, नव्या राज्याची पहिली जनगणना. शंभर वर्षांच्या अटीमुळे ती २०२६मध्ये खुली करण्याचं ठरलं. कोण घरी परतला, कोणाची विधवा कुठे राहिली, कोणती घरं अमेरिकेच्या वाटेने रिकामी झाली, ते कळण्याचा हा मार्ग. पण ती सव्वीस काउंट्यांपुरतीच, म्हणजे ब्रिटनपासून वेगळ्या झालेल्या जिल्ह्यांपुरतीच. उत्तर आयर्लंडने त्याच वर्षी घेतलेल्या जनगणनेचे मूळ फॉर्म नष्ट झाले आहेत. बेलफास्टच्या किंवा टिरोनच्या व्हॉलंटिअरचा माग काढणाऱ्याला १९११नंतर पुन्हा त्या पेन्शनच्या फायलींकडेच यावं लागतं.